अनुभवाचाही ताळेबंद हवा

(स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते, शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर तुळजापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दरूप)



मार्च महिना उजाडला की संस्थांच्या कार्यालयांत एकच लगबग सुरू होते. पावत्या शोधल्या जातात, रोजकीर्द आणि खतावणी जुळविली जाते, लेखापरीक्षक येतात आणि यथावकाश ताळेबंद तयार होतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये नोंदलेल्या संस्थांना आपले हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे द्यावे लागतात. हे योग्यच आहे. संस्थेचा पैसा हा लोकांचा पैसा असतो आणि त्याच्या पै-पैचा जाब लोकांना मिळालाच पाहिजे.

परंतु संस्थेजवळ पैशाहूनही मोलाची एक ठेव असते. ती म्हणजे तिच्या कार्यकर्त्यांनी वर्षभर गावोगाव हिंडून मिळविलेला अनुभव. या अनुभवाची रोजकीर्द कोठे असते? कोणते काम साधले, कोणते फसले, फसले ते कशामुळे आणि पुढील वर्षी आपण काय निराळे करणार, याचा ताळेबंद कोण मांडतो? बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर मौनानेच द्यावे लागेल. पैशाची अफरातफर झाली तर चौकशी होते. अनुभव वाया गेला तर त्याची कोठे नोंदही होत नाही. आणि वाया गेलेल्या अनुभवाची किंमत मात्र संस्था मोजत नाही. ती मोजतात ते ज्यांच्यासाठी संस्था काढली ते लोक. म्हणूनच केलेल्या कामाकडे थांबून पाहणे, त्यापासून शिकणे आणि शिकलेले पुढच्या कामात उतरविणे ही सवय संस्थांच्या अंगी बाणली पाहिजे. आजच्या विवेचनाचा हाच विषय आहे.

किल्लारीने दिलेला धडा

या विषयाची चर्चा तुळजापूर परिसरात करताना दूरचे दाखले शोधण्याची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या भागातील जुन्याजाणत्यांच्या स्मरणात अद्याप ताजी आहे. गणेशविसर्जन आटोपून लोक घरी येऊन झोपी गेले होते. पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली आणि लातूर जिल्ह्यातील औसा व निलंगा, तसेच तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील उमरगा व लोहारा या परिसरातील गावेच्या गावे मातीला मिळाली. हजारो माणसे घरांखाली गाडली गेली.

भूकंपशास्त्राच्या मोजमापाने तो भूकंप मध्यम स्वरूपाचा होता. मग प्राणहानी एवढी का व्हावी? पहिल्या काही दिवसांत सर्वांनी एकमुखाने दगडाला दोष दिला. दगडामातीच्या घरांनी माणसे मारली, सबब दगडाचे घर नको, सिमेंटचेच हवे, अशी भावना पसरली. ती स्वाभाविक होती. परंतु पडलेल्या आणि उभ्या राहिलेल्या घरांची जेव्हा शांतपणे पाहणी झाली, तेव्हा निराळे सत्य समोर आले. भिंती दोन-तीन फूट जाड होत्या खऱ्या; पण आतील व बाहेरील असे दोन थर वेगवेगळे रचलेले, त्यांच्यामध्ये माती आणि दगडांचा चुरा भरलेला, आणि दोन्ही थरांना एकत्र बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नव्हतेच. वर माळवद. ते गळू नये म्हणून वर्षानुवर्षे त्यावर पांढऱ्या मातीचे थर चढत गेलेले. धक्का बसताच भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि मातीचा तो सारा भार झोपलेल्या माणसांवर आला. म्हणजे दोष दगडाचा नव्हता. दगड रचण्याच्या रीतीचा आणि माथ्यावरील ओझ्याचा होता.

हा फरक वरवर पाहता लहान वाटतो. परंतु दगडच वाईट असे मानले तर गरिबाने आपले घर पाडून नवे घर कोणी देईल याची वाट पाहत बसावयाचे. रीत वाईट होती असे ओळखले तर त्याने माळवदावरील माती कमी करावयाची, भिंतीत आरपार बांध घालावयाचे, वरून पट्टा बांधावयाचा आणि आहे तेच घर सुरक्षित करावयाचे. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने जो पुनर्वसन कार्यक्रम राबविला, त्यात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली; पण त्याहून कितीतरी मोठ्या संख्येने असलेल्या घरांसाठी दुरुस्ती व मजबुतीकरणाचाच मार्ग स्वीकारण्यात आला. थांबून, नीट पाहून घेतलेला एक बोध लक्षावधी कुटुंबांच्या उपयोगी पडतो, तो असा.

या मजबुतीकरणाच्या कामात लोकसहभागाची जबाबदारी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे आली. दिवंगत प्रेमा गोपालन यांनी वाढविलेल्या या संस्थेचे नावच प्रस्तुत विषयाचे सार सांगते. गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ निवडण्यात आल्या. शासनाचे अनुदान कसे मिळते, अभियंता काय सांगतो, भिंतीत काय घालावयाचे, हे त्यांनी आधी स्वतः समजून घेतले आणि मग घरोघरी समजावून दिले. जी बाई काल चावडीवर पाऊल ठेवीत नव्हती, ती आज गवंड्याला ‘हा दगड आरपार का घातला नाही’ असे विचारू लागली.

पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला. तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या ग्रामीण स्त्रिया तेथे गेल्या आणि घर गमावलेल्या तेथील स्त्रियांशी त्यांनी आपल्या अनुभवाचे आदानप्रदान केले. डिसेंबर २००४ मधील त्सुनामीनंतर हाच अनुभव तामिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला. दुःखातून मिळालेले ज्ञान कोणी जपून ठेवले, त्याची उजळणी केली, म्हणूनच ते दुसऱ्याच्या दुःखात उपयोगी पडले. जपले नसते तर त्या स्त्रियांजवळ केवळ एक करुण आठवण उरली असती.

याच पुनर्वसनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नव्याने वसविलेल्या कित्येक गावांत घरे शहरातील वसाहतीप्रमाणे सरळ रांगांत बांधली गेली. रस्ते रुंद झाले. पण जुन्या गावात जी भावकी एका बोळात राहत होती, ती दूरदूर विखुरली. जनावरे कोठे बांधावयाची, कडबा कोठे रचावयाचा, औत-अवजारे कोठे ठेवावयाची, याला नव्या घरात जागा अपुरी पडली. गाव पसरले तसा पाणीपुरवठ्याचा आणि दिवाबत्तीचा खर्चही पसरला. पुढील काळात अभ्यासकांनी या बाबी लिहून ठेवल्या. गावकऱ्यांना मात्र त्या कोणत्याही अभ्यासावाचून ठाऊक होत्या. त्यांना वेळीच विचारण्याची आणि ऐकून आराखडा बदलण्याची रीत सर्वत्र नव्हती, एवढेच.

आराखडा बदलण्याचे धैर्य

शिकणे म्हणजे केवळ माहिती वाढणे नव्हे. जे ठरविले होते ते अनुभवाच्या प्रकाशात बदलणे, हे शिकण्याचे खरे लक्षण होय. या दृष्टीने जामखेडचे उदाहरण मननीय आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. अहिल्यानगर जिल्ह्यातील हा दुष्काळी तालुका धाराशिवच्या भूम तालुक्याचा शेजारी.

डॉक्टर गेले होते आरोग्यसेवा द्यावयास. परंतु लोकांची पहिली मागणी अन्न आणि पाण्याची होती. ती दुय्यम मानून औषधेच वाटीत बसण्याचा मार्ग खुला होता. आरोळे दांपत्याने लोकांचा क्रम स्वीकारला आणि अन्न व पाणी हाच आरोग्याचा पाया मानला. पुढे गावातील आरोग्यकार्यासाठी प्रशिक्षित परिचारिका-प्रसाविका नेमण्याची योजना होती. ती नीटशी चालली नाही. बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकेला गावात एकटीने राहणे कठीण जाई आणि गावही तिचे ऐकत नसे. तेव्हा गावातीलच एखादी जाणती स्त्री का निवडू नये, असा विचार गावकऱ्यांकडून पुढे आला. त्यातून ग्राम आरोग्य कार्यकर्तीची कल्पना तेथे साकार झाली. यांतील अनेक स्त्रियांना अक्षरओळख नव्हती आणि अनेकजणी दलित व उपेक्षित समाजांतील होत्या.

या प्रयोगाचे मर्म निवडीइतकेच नियमित भेटीत होते. या स्त्रिया ठरलेल्या दिवशी जामखेडला येत. आठवड्यात कोणत्या घरी काय पाहिले, कोणी ऐकले, कोणी दार लावून घेतले, हे एकमेकींना सांगत आणि त्यातून पुढील धडा ठरे. शिकविणारा आणि शिकणारा अशी भिंत तेथे राहिली नाही. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या यशामागे एक मोडलेली योजना होती आणि ती मोडली हे मान्य करण्याचा प्रांजळपणा होता, ही गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते.

आधी निरीक्षण, मग उपाय

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. आदिवासी बांधव रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनी त्यांनाच विचारले. मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांतील माणसांची भीती वाटते, असे उत्तर मिळाले. म्हणून तेथील दवाखाना आदिवासी गावासारखा, झोपड्यांच्या धर्तीवर उभारला गेला आणि त्याला माता दंतेश्वरीचे नाव दिले गेले.

नवजात बालकांच्या मृत्यूचा प्रश्न हाती घेतानाही याच पद्धतीचा अवलंब झाला. घराघरांत जन्मणाऱ्या बाळांना नेमके काय होते, याचे आधी काळजीपूर्वक निरीक्षण करण्यात आले. मग गावातील प्रशिक्षित स्त्री घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेईल, असा उपाय योजण्यात आला. ज्या ३९ गावांत हे काम झाले, तेथे हजार जिवंत जन्मांमागे होणारे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ वरून २५.५ पर्यंत खाली आले. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यानंतर राज्यातील सात संस्थांनी ‘अंकुर’ प्रकल्पाद्वारे आपापल्या क्षेत्रांत ही पद्धती पडताळून पाहिली. २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. एका संस्थेचा अनुभव, अनेक संस्थांची पडताळणी आणि शेवटी शासनाचे धोरण, अशी ही शिडी आहे. तिची पहिली पायरी म्हणजे वहीत प्रामाणिकपणे केलेली नोंद.

तुळजापूर तालुक्यातच अणदूर येथे ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’ ही संस्था काम करते. डॉ. शशिकांत अहंकारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या चळवळीतून या कामाची मुहूर्तमेढ रोवली. ‘हॅलो’ या आद्याक्षरांच्या नावात आरोग्याबरोबरच स्वतःहून शिकण्याचा निर्देश आहे. डॉक्टरने खेड्यात जावे ते केवळ शिकविण्यासाठी नव्हे, तर शिकण्यासाठीही, हा त्यामागील भाव. या संस्थेने गावातील स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. टाटा समाजविज्ञान संस्थेनेही १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तुळजापूर येथे आपले ग्रामीण केंद्र सुरू केले. समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्याला विशेष स्थान असते. विद्यार्थी गावात जातो, परत येऊन दैनंदिनी लिहितो आणि मार्गदर्शकासमोर बसून तिच्यावर चर्चा करतो. काय केले याबरोबरच, करताना मनात काय आले आणि आपला कोणता समज चुकीचा ठरला, हेही त्यात लिहावयाचे असते. खंत एवढीच की पदवी हाती पडून नोकरी सुरू झाली की ही दैनंदिनी बहुधा मिटते आणि तिची जागा मासिक प्रगती अहवाल घेतो.

शासनालाही हेच सूत्र लागू

शिकणे ही केवळ स्वयंसेवी संस्थांची मक्तेदारी नव्हे. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना हा शासकीय स्तरावरील शिकण्याचा उत्तम दाखला आहे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे या कल्पनेचा लहानसा प्रयोग झाला. १९७२ च्या भीषण दुष्काळात लाखो हातांना काम पुरविताना तिचा कस लागला. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, तो १९७९ पासून अंमलात आला आणि २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याला या अनुभवाचा आधार मिळाला. आधी एका गावात करून पाहिले, मग राज्यात आणि त्यानंतर देशात. मोठी योजना एकदम सर्वत्र लादण्याऐवजी ती लहान क्षेत्रात पारखून घेण्याचे शहाणपण यात दिसते.

अडते कोठे?

एवढे स्पष्ट असूनही संस्था थांबून विचार का करीत नाहीत? याची कारणे कार्यकर्त्यांच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल.

पहिले कारण भीतीचे आहे. अहवालात अपयश लिहिले तर पुढील अनुदान बंद होईल, ही धास्ती निराधार नाही. निधी देणारा आणि तपासणीस येणारा अधिकारी जर केवळ लक्ष्यपूर्तीचे आकडे विचारीत असेल, तर खालून केवळ लक्ष्यपूर्तीचेच आकडे येणार. तेव्हा संस्थांनी प्रांजळ व्हावे असे वाटत असेल तर प्रांजळपणाला शिक्षा होणार नाही, ही हमी अधिकाऱ्यांनी आणि देणगीदारांनी आधी दिली पाहिजे.

दुसरे कारण वडीलधारेपणाचे आहे. आपल्याकडील अनेक संस्था एखाद्या तळमळीच्या व्यक्तीने उभारल्या. तिच्याविषयीच्या आदरामुळे तिच्या कल्पनेला कोणी ‘हे गावात चालत नाही’ असे म्हणत नाही. आदर असावा, पण तो सत्याच्या आड येऊ नये. सर्वांत नवख्या सेविकेला जे दिसते, ते अध्यक्षांना दिसेलच असे नाही. कारण उंबऱ्याच्या आत ती जाते.

तिसरे कारण असे की अनुभव माणसाबरोबर निघून जातो. प्रकल्पाची तीन वर्षे संपतात, मानधन थांबते, कार्यकर्ता दुसरीकडे जातो. कोणत्या वस्तीत कोणाच्या शब्दाला मान आहे, कोणत्या महिन्यात कोणती वस्ती गावात नसते, हे सारे त्याच्याबरोबर जाते. नवा कार्यकर्ता पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहतो आणि गाव मात्र ‘पुन्हा तेच विचारायला आले’ म्हणून कंटाळते.

उदाहरणार्थ, समजा एखाद्या संस्थेने या जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वर्ग सुरू केला. जूनमध्ये पट भरतो, दिवाळीच्या सुमारास निम्म्यावर येतो आणि अहवालात ‘पालकांची उदासीनता’ असे कारण नोंदविले जाते. संस्थेने थोडे थांबून पाहिले असते तर पालक कोयता घेऊन कारखान्यावर गेले आणि लेकरांना मागे कोणापाशी ठेवावयाचे हा त्यांचा प्रश्न सुटला नव्हता, हे तिला कळले असते. ‘उदासीनता’ या एका शब्दाने दोष पालकांवर गेला आणि शिकण्याचे दार बंद झाले. मूळ कारण ओळखले गेले तेव्हा हंगामी वसतिगृहासारखे उपाय सुचले, ज्यांत आईवडील तोडीला गेले तरी मूल गावातच राहून शाळेत जाऊ शकते. चुकीचे कारण लिहिणाऱ्या अहवालाने एखाद्या मुलाचे अख्खे वर्ष जाते, हे अहवाल लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवले पाहिजे.

विसाव्याचे महत्त्व

‘आम्हाला विचार करावयास वेळच कोठे आहे?’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. तुळजापूरकरांना या तक्रारीचे उत्तर देवीच्या मंदिरातच मिळू शकेल. श्री तुळजाभवानी वर्षातून तीन वेळा मंचकी निद्रा घेते. शारदीय नवरात्राच्या घटस्थापनेपूर्वी भाद्रपद वद्य पक्षात देवी सिंहासनावरून पलंगावर विसावते. नवरात्र आणि दसऱ्याचे सीमोल्लंघन आटोपले की पौर्णिमेपर्यंत पुन्हा निद्रा. या दुसऱ्या निद्रेला श्रमनिद्रा असेच नाव आहे. पौषातील शाकंभरी नवरात्रापूर्वीही तोच क्रम. मोठ्या कार्याच्या आधी एक विसावा आणि कार्यानंतर एक विसावा, हे परंपरेने ठरवून ठेवले आहे. गर्दी आहे, भक्त थांबले आहेत, म्हणून तो विसावा कोणी रद्द करीत नाही.

संस्थेच्या मोहिमांनाही अशी चौकट घालता येईल. लसीकरणाची मोहीम असो, पाणलोटाचे काम असो वा पटनोंदणी असो, प्रारंभापूर्वी एक दिवस ‘मागील वेळी काय झाले’ यासाठी आणि समाप्तीनंतर एक दिवस ‘या वेळी काय शिकलो’ यासाठी राखून ठेवावा. तो दिवस सुटीचा समजू नये. तो कामाचाच भाग समजावा आणि अंदाजपत्रकातही तसा दाखवावा.

सवय कशी लावावी?

सवय लागते ती लहान आणि ठरलेल्या कृतीने. त्यासाठी मोठ्या शिबिराची किंवा बाहेरील तज्ज्ञाची आवश्यकता नाही. आठवड्यातील एक ठरलेला तास, एक वही आणि चार प्रश्न पुरेसे आहेत. काय करावयाचे ठरले होते? प्रत्यक्षात काय घडले? तसे का घडले? आणि आता आपण काय बदलणार?

या बैठकीचे काही संकेत मात्र कटाक्षाने पाळले पाहिजेत. जो प्रत्यक्ष वस्तीवर जातो त्याने प्रथम बोलावे आणि संस्थाप्रमुखाने शेवटी. प्रमुख आधी बोलला की इतरांचे बोलणे त्याच्या बोलण्याचा प्रतिध्वनी होते. कोणाची चूक हा प्रश्न नसावा. कशामुळे चुकले हा असावा. ‘प्रतिसाद चांगला होता’, ‘जागृती झाली’ अशी गुळगुळीत वाक्ये वहीत येऊ देऊ नयेत. किती जण आले, कोण आले नाही, त्यांनी काय सांगितले, हे लिहावे. प्रत्येक बैठकीत निदान एक बदल ठरावा, तो कोण करणार हे नावानिशी लिहावे आणि पुढील बैठकीचा प्रारंभ त्याच नोंदीने व्हावा. हा अखेरचा संकेत मोडला की वही निरुपयोगी झाली असे समजावे.

महिन्यातून एकदा हीच बैठक लोकांमध्ये व्हावी. ज्यांच्यासाठी काम चालते, त्यांनी कामाविषयी बोलावे आणि संस्थेने ऐकावे. ऐकताना स्वतःचे समर्थन करण्याचा मोह आवरावा लागतो. तो आवरणे सर्वांत कठीण. पण लोक दुसऱ्यांदा खरे बोलतील की नाही, हे पहिल्या वेळी त्यांचे कसे ऐकले यावर अवलंबून असते. स्त्रियांची बैठक त्यांना सोयीच्या वेळी आणि सोयीच्या जागी घ्यावी. सुगीच्या दिवसांत दुपारी बोलाविलेली बैठक रिकामी राहिली, तर ती स्त्रियांची अनास्था नव्हे. ती वेळ ठरविणाऱ्याची अनास्था होय.

पंचायत सदस्यांना आणि शिक्षकांना यासाठी नवी व्यवस्था उभारावी लागणार नाही. ग्रामसभा आहे. तिच्या विषयपत्रिकेवर ‘मागील सभेत ठरलेल्या कामांपैकी काय झाले, काय राहिले आणि का राहिले’ हा विषय पहिला ठेवावा आणि त्यासाठी पुरेसा वेळ द्यावा. ग्रामसभेपूर्वीची महिला सभा केवळ सह्यांपुरती न उरता तेथील सूचना ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. केंद्रशाळेत शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. तेथे आदर्श पाठाबरोबर न जमलेल्या पाठाचीही चर्चा व्हावी. वर्गातील दहा मुलांना भागाकार का येत नाही, हे एका शिक्षकाने मोकळेपणाने मांडले तर शेजारच्या चार शाळांतील मुलांचे कल्याण होईल.

केवळ रकाना भरणे नको

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. कोणतीही चांगली पद्धत परिपत्रकात शिरली की तिचा प्रपत्र होतो आणि प्रपत्राचा पुढे रकाना होतो. ‘या महिन्यात काय शिकलात?’ असा रकाना उद्या अहवालात आला, तर परवा त्यात सर्वत्र एकच वाक्य भरलेले आढळेल. म्हणून वरिष्ठांनी या वहीची तपासणी करू नये; त्यांनी स्वतःची वही ठेवावी. गटविकास अधिकारी आपल्या कर्मचाऱ्यांसमोर ‘ही योजना आपण चुकीच्या हंगामात सुरू केली’ असे म्हणेल, त्या दिवशी ग्रामसेवकालाही आपली अडचण सांगण्याचे बळ येईल.

तसेच चिंतनाच्या नावाखाली काम लांबणीवर टाकणे हाही दोषच आहे. सिंह चालता चालता मागे वळून पाहतो आणि पुन्हा पुढे जातो, म्हणून त्या पाहण्याला सिंहावलोकन म्हणतात. तो मागेच पाहत बसत नाही. एका तासाच्या बैठकीत ठरलेला एक लहानसा बदल दुसऱ्या दिवशी वस्तीवर दिसला, तर तो तास सार्थकी लागला असे म्हणावे.

मराठवाड्याचा हा भाग अवर्षणप्रवण आहे. पाऊस कधी दगा देतो, कधी एकाच रात्री सारे वाहून नेतो. निसर्गाच्या या लहरीपुढे ज्या गावापाशी मागील दुष्काळाची, मागील पुराची आणि मागील चुकीची नोंद असेल, ते गाव पुढील संकटाला अधिक सज्ज असेल. ‘स्वयं शिक्षण प्रयोगा’शी जोडलेल्या या जिल्ह्यातील शेतकरी स्त्रियांनी दुष्काळानंतर घरच्या शेतातील एखादा एकर आपल्या हाती मागून घेतला आणि केवळ नगदी पिकावर न विसंबता त्यात धान्य, कडधान्य व भाजीपाला घेतला. पिकांची ही निवड त्यांना कोणत्या ग्रंथाने सुचविली नव्हती. मागील वर्षी घरात काय कमी पडले, याचा त्यांनी हिशेब मांडला आणि त्यावरून पेरणी ठरविली. या संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिला जाणारा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. त्याचे श्रेय या साध्या हिशेबालाही आहे.

येत्या आठवड्यात प्रत्येक संस्थेने, प्रत्येक शाळेने आणि प्रत्येक ग्रामपंचायतीने एक कोरी वही घ्यावी. तिच्या पहिल्या पानावर गेल्या वर्षी न जमलेले एक काम लिहावे, त्याखाली ते न जमण्याचे कारण लिहावे आणि ते कारण बरोबर आहे का, हे ज्यांच्यासाठी ते काम होते त्यांच्यापैकी कोणालातरी घरी जाऊन विचारावे. बहुधा कारण बदलावे लागेल. ते बदलून लिहिले की अनुभवाच्या ताळेबंदातील पहिली जमा झाली, असे खुशाल समजावे.